दोन फ्लॅट, एक नोटरी करार आणि आधीच्या मालकाची घरपट्टी

"ताई नमस्कार, तुमचं सदर बायको नेमाने वाचते, तिनेच लिहायला लावलं. मी ४६ वर्षांचा, पुण्यात नोकरी, कोथरूडला स्वतःच्या घरात राहतो. वाकडचा टू बीएचके लोन काढून घेतलाय, तो २८ हजाराने भाड्याने दिलाय. २०२३ मध्ये बिबवेवाडीला एक जुना वन बीएचके रिसेलमध्ये घेतला, पैसे सगळे माझे पण फ्लॅट बायकोच्या नावावर, तिथे १५ हजार भाडं येतं. आता सगळं एकदम अंगावर आलंय. बिबवेवाडीच्या घरपट्टीचं बिल ६१ हजारांचं आलंय, त्यात बराचसा भाग आधीच्या मालकाचा आणि वर शास्ती म्हणजे दंड, आणि तो माणूस फोन उचलत नाही. वाकडच्या भाडेकरूचा करार फेब्रुवारीत संपला, तोही एजंटने स्टँप पेपरवर नोटरी करून दिलेला, आणि एप्रिल-मेचं भाडं आलेलं नाही. डिपॉझिट ६० हजार आहे. विचारलं तर म्हणतो कोर्टात भेटू. मेहुणा म्हणतो बायकोच्या फ्लॅटचं भाडं तिच्या नावाने दाखव, तिला टॅक्सच बसत नाही, आणि वाकडचं थोडं कॅशमध्ये घेत जा. ओळखीचे एक वकील म्हणतायत की वर्षाची एक रक्कम ठरवू, दोन्ही फ्लॅटचं सगळं मी बघतो. ठरवू का? – वाकडमुळे वैतागलेला"

दादा, नमस्कार. पत्र वाचून आधी हसू आलं, तुमच्यावर नाही, कारण हे सगळं मीही करून बसलेय. एकोणीस वर्षं झाली घरं भाड्याने देतेय आणि पहिली चार वर्षं मी फक्त भाडं जमा झालं का एवढंच बघायचे, बाकी सगळं एजंट आणि देवाच्या भरवशावर. त्यामुळे ओरडत नाहीये, पण एक सांगते की तुम्ही जे चार प्रश्न वेगळे करून लिहिलेत ना ते खरं तर एकच आहेत, कागद वेळेवर झाले नाहीत आणि आता त्याचं बिल वेगवेगळ्या पत्त्यांवरून येतंय. वकिलाचं उत्तर सगळ्यात शेवटी देते, कारण बाकीचं नीट लावल्यावर वकील किती लागतो ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

घरपट्टीपासून सुरू करू कारण ते एका आठवड्यात संपणारं काम आहे. तुम्हाला राग आलाय की दुसऱ्याची थकबाकी मी का भरू, आणि तो राग अगदी बरोबर आहे, पण मनपाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात मिळकतकराचा पहिला बोजा त्या मिळकतीवरच असतो, म्हणजे माणूस बदलला तरी थकबाकी फ्लॅटला चिकटून राहते, आणि फ्लॅट आता तुमच्या घरात आहे. त्यात थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस. बँकेचं पर्सनल लोनसुद्धा बऱ्याचदा याहून स्वस्त पडतं. तेव्हा "आधी तो देईल मग मी भरीन" या हट्टात सहा महिने गेले तर तो हट्ट तुम्हालाच महाग पडणार. काही लोक अभय योजनेची वाट बघत बसतात, मनपा अधूनमधून काढते तशी आणि शास्तीत बऱ्यापैकी सूटही मिळते, पण ती कधी येईल हे कुणाच्या हातात नाही आणि तोवर मीटर चालूच. राष्ट्रीय लोकअदालतीतही मिळकतकराची प्रकरणं ठेवतात, जवळची तारीख असेल तर चौकशी करा, नसेल तर थांबू नका.

पण डोळे मिटून ६१ हजार भरू नका. बिल समोर घ्या आणि पेन घेऊन बसा. त्या बिलात सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, जललाभ कर, शिक्षण कर अशा ओळी असतात आणि मागची थकबाकी वेगळी, शास्ती वेगळी. तुमच्या खरेदीखताची तारीख लिहा आणि त्या तारखेला रेघ मारा, रेघेच्या आधीचं त्याचं, नंतरचं तुमचं. आणि मग स्वतःला विचारा की २०२३ नंतरची बिलं तुम्ही भरली होती का, कारण पत्रात तुम्ही ते मोठ्या चतुराईने गाळलंय. मला शंका आहे की बिल अजून जुन्याच मालकाच्या नावाने निघतंय, त्याच्याच मोबाईलवर मेसेज जातोय आणि तुम्ही तीन वर्षं बघितलंच नाही. तसं असेल तर शास्तीतला एक तुकडा तुमचाही आहे, मुकाट्याने मान्य करा.

आता खरेदीखत काढा, मूळ नको, झेरॉक्स. त्यात कुठेतरी एक वाक्य असणारच, की आजच्या तारखेपर्यंतचे सर्व कर, लाईटबिल, सोसायटीची देणी लिहून देणार यांनी भरलेली आहेत आणि काही निघाल्यास ती त्यांनी भरून द्यायची आहेत. बहुतेक सगळ्या दस्तांत असतं, फक्त सही करताना कुणी वाचत नाही. तेच तुमचं हत्यार. आधी तुम्ही भरा, पावती घ्या, मग त्या वाक्याचा हवाला देऊन विकणाऱ्याला वकिलामार्फत नोटीस पाठवा की इतके पैसे इतक्या दिवसात द्या. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, लांबवू नका. फोन न उचलणारी माणसं वकिलाचं पोस्टाने आलेलं पाकीट मात्र उचलतात असा माझा अनुभव आहे, सगळी नाही पण निम्मी तरी.

त्याच फेरीत बिलावर नाव बदलायचा अर्ज द्या, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) आणि खरेदीखताची प्रत जोडून. नुसतं बिल नावावर झालं म्हणजे मालकी सिद्ध होते असं नाही, मालकी दस्ताने सिद्ध होते, पण नाव नसेल तर नोटीस दुसरीकडे जाते आणि तुम्हाला कळतं तेव्हा जप्तीची भाषा सुरू झालेली असते. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक-जावकचा गोल शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. समोरचे म्हणतील ठेवून जा, बघतो. हसून उभं राहायचं. माझ्या फाईलमधला सगळ्यात उपयोगी पडलेला कागद कुठला विचाराल तर २०१४ चा तो जांभळा शिक्का, बाकी युक्तिवाद वगैरे नंतर.

अजून एक बघा. पुण्यात राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, मध्यंतरी काढली होती, १ एप्रिल २०२३ पासून परत आली, ती स्वतः राहत असलेल्या घरालाच. कोथरूडच्या घराला ती मिळतेय का ते बिलात तपासा, नसेल तर पीटी-३ चा फॉर्म आणि राहण्याचे पुरावे द्यावे लागतात. आणि बिबवेवाडीला जुना मालक राहत होता म्हणून ती सवलत अजून चालू असेल तर खूश होऊ नका, भाडेकरू राहतोय हे तपासणीत निघालं की फरक मागच्या तारखेपासून लागतो. आकारणीच चुकीची वाटत असेल, म्हणजे क्षेत्रफळ जास्त धरलंय किंवा वापर बिगरनिवासी दाखवलाय, तर आधी मनपाकडे लेखी तक्रार. कोर्टात अपील करायची मुदत फक्त पंधरा दिवसांची आहे आणि मागितलेला कर आधी भरावा लागतो. म्हणजे इथेही तेच, भरा आणि भांडा. वाकड पिंपरी-चिंचवड मनपात येतं, तिथलं बिल, वेबसाईट, सवलतींच्या तारखा सगळं वेगळं, एकाच पावतीच्या भरवशावर दोन्ही भरल्यासारखं वाटून घेऊ नका. (हसू नका, असं एक पत्र खरंच आलं होतं.)

आता वाकड. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

एजंटने तुम्हाला काय सांगितलं असेल ते मी न विचारता सांगते: साहेब, अकरा महिन्यांचाच तर आहे, अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही, नोटरी केली की झालं, उगाच दोन हजार कशाला घालवता. डायनिंग टेबलवर बसून सही केली असेल, नोटरी समोर नसेलच, शिक्का मारलेला कागद दुसऱ्या दिवशी आला असेल. बऱ्याच राज्यांत एक वर्षाच्या आतल्या करारांना नोंदणीची सक्ती नसते, त्यावरून हे अकरा महिन्यांचं खूळ आलंय. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५, लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, अकरा महिने असो की पाच, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुरुंगात कुणी जात नाही हो लगेच, ती भीती घालत नाहीये, खरी अडचण त्याच कलमात पुढे आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. उद्या तो म्हणाला भाडं अठरा हजार ठरलं होतं आणि तीन वर्षांसाठी ठरलं होतं, तर ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. "कोर्टात भेटू" हा त्याचा आत्मविश्वास कुठून आलाय ते आता कळलं ना.

वाचवलेले पैसे किती होते ते बघा जरा. अकरा महिन्यांचं भाडं ३ लाख ८ हजार, डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी वर्षाचं मानलेलं व्याज सहा हजार, बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे आठशेच्या आत. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. वर एजंटचे घरी येऊन अंगठे घेण्याचे पैसे. हे वाचवायला तुम्ही ७०-८० लाखांच्या जागेची चावी नोटरीच्या कागदावर दिलीत.

नोंदणीकृत करार असता तर काय झालं असतं? त्याच कायद्याचं कलम २४. मुदत संपली आणि तो हलला नाही तर दिवाणी कोर्टाच्या रांगेत उभं न राहता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, तिथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा धरतात, भाडेकरूला बचाव करायलासुद्धा आधी परवानगी मागावी लागते, आणि मुदत संपल्यानंतर राहिलेल्या काळाचं भाडं दुप्पट दराने मागता येतं. तुमच्याकडे तो कागद नाही म्हणून हा रस्ता आज तुमच्यासाठी खडबडीत आहे.

मग आता काय? माझं मत ऐका, वकिलाला दाखवून पक्कं करा. त्याला काढायच्या घाईत भांडण पेटवू नका, त्याला आधी सहीपर्यंत आणा. त्यालाही कागदाची गरज असणारच, ऑफिसात एचआरएचा (घरभाडे भत्त्याचा) पुरावा, मुलांची शाळा, पासपोर्टचा पत्ता, नोंदणीकृत करार कुठे ना कुठे मागतातच. शांतपणे बसा आणि म्हणा की तीन महिन्यांचा नवीन लिव्ह अँड लायसन्स रीतसर नोंदवून घेऊ, थकलेलं भाडं तुम्ही तीन हप्त्यांत द्या, मग तुम्हाला राहायचं तर पुढचं बोलू नाहीतर चांगल्या मनाने निघा. थकबाकी मान्य असल्याचं एक वेगळं पत्र त्याच्या सहीने घ्या. हा करार झाला की तुमचं घोडं गंगेत न्हालं, कारण तीन महिन्यांनी तो हलला नाही तरी तुमच्या हातात कलम २४ चा दरवाजा उघडा असेल. दोन हजार रुपयांत तुम्ही ती चूक जवळजवळ पुसलेली असेल. माझ्या एका मैत्रिणीने असंच केलं, तिचा भाडेकरू तर करार संपायच्या पंधरा दिवस आधीच गेला, अंगठा दिल्यावर माणसाला तारीख लक्षात राहते बहुतेक.

नाहीच म्हणाला तर दुसरा मार्ग, डिपॉझिटचं गणित मांडा. ६० हजार तुमच्याकडे, ५६ हजार त्याच्याकडे थकलेत. जूनचंही भाडं न देता जूनअखेर निघाला तर तुम्हाला २४ हजारांचं नुकसान, वर्षभर खेळत बसला तर तीन लाखांचं. मी असते तर म्हटलं असतं अमुक तारखेला चावी दे, जूनचं भाडं सोडलं, दोघांच्या सहीने ताबा दिल्या-घेतल्याचा कागद करू. हे म्हणताना जीव जळतो, माहितीये. अकड बाजूला ठेवून आकडे बघा.

हेही नको म्हणाला, तेव्हा वकिलाची नोटीस आणि मग दावा. आणि तोपर्यंत काय करायचं नाही ते ऐका, पाणी तोडायचं नाही, लाईट कापायची नाही, तो बाहेर गेल्यावर कुलूप बदलायचं नाही. मेहुणा हे सुचवणारच, सांगून ठेवते. अत्यावश्यक सोयी तोडणं कायद्याने बंद आहे आणि एका रात्रीत तुम्ही तक्रारदाराचे आरोपी व्हाल. बँकेत दरमहा आलेल्या २८ हजारांच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचे "सर या महिन्यात थोडं उशिरा देतो" वाले मेसेज, लाईटबिलं, हे सगळं आजच काढून ठेवा, २८ हजार ठरले होते हे सिद्ध करायला तेच लागणार आहे. मेसेज करताना सभ्य भाषा, तोच स्क्रीनशॉट उद्या फाईलला लागतो. आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाईन भरली होती का? नसेल तर नवीन करार करताना तीही भरा.

आता मेहुणा. त्यांचा स्वभाव चांगला असेल पण टॅक्सच्या बाबतीत त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

फ्लॅट बायकोच्या नावावर आहे पण पैसे तुमचे, बायकोने त्याची किंमत तुम्हाला दिलेली नाही, तर त्या भाड्याचं उत्पन्न आयकराच्या हिशोबात तुमच्याच डोक्यावर येतं. तिच्या रिटर्नमध्ये दाखवून टाकलं की टॅक्स वाचला असं नसतं, ती चूक होते आणि नोटीस आली की व्याजासकट निस्तरावी लागते. आणि कॅशचं म्हणाल तर वाकडचा भाडेकरू ऑफिसात एचआरए घेत असेल तर वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असलं की त्याला मालकाचा पॅन द्यावाच लागतो, तुमचा पॅन त्याच्या फॉर्ममध्ये बसलेला असेल. त्याने ३ लाख ३६ हजार दाखवले आणि तुम्ही दोन लाख, तर खोटं कोण ठरेल? शिवाय ज्या माणसाशी भाडं किती ठरलं होतं यावर वाद होऊ शकतो त्याच्याकडून कॅश घ्यायची, म्हणजे स्वतःचाच पुरावा स्वतः जाळायचा.

गंमत अशी की तुम्हाला लपवायची गरजच नाहीये. मार्चला संपलेल्या वर्षाचा हिशोब करून बघू, आकडे मी अंदाजे धरतेय, तुम्ही तुमचे घाला. बिबवेवाडीचं भाडं १ लाख ८० हजार, त्यातून वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा, समजा १४ हजार, राहिले १ लाख ६६ हजार. त्याच्या सरसकट ३० टक्के वजावट, ४९,८००. राहिले १ लाख १६ हजार २००. वाकडचं भाडं ३ लाख ३६ हजार, घरपट्टी ११ हजार गेली, ३ लाख २५ हजार, ३० टक्के म्हणजे ९७,५०० गेले, उरले २ लाख २७ हजार ५००, आणि आता लोनचं व्याज, समजा वर्षाचं ३ लाख ४० हजार. म्हणजे वाकडला १ लाख १२ हजार ५०० चा तोटा. हा तोटा बिबवेवाडीच्या उत्पन्नातून वजा होतो कारण दोन्ही घरभाड्याच्या एकाच खात्यातलं उत्पन्न आहे, आणि हे नव्या करप्रणालीतही चालतं. शेवटी टॅक्सला उरले किती, ३,७०० रुपये! बायकोच्या नावाने दाखवलं असतं तर वाकडचा तोटा एकटाच पडला असता, आणि नव्या प्रणालीत तो पगारातून वजा होत नाही, पुढच्या वर्षांनाही नेता येत नाही, नुसता वाया. जुन्या प्रणालीत दोन लाखांपर्यंतचा घराचा तोटा पगारातून वजा होतो आणि उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, तेव्हा कोणती प्रणाली घ्यायची ते दोन्ही हिशोब शेजारी मांडून सीएकडून ठरवून घ्या, मित्र काय घेतो त्यावरून नको.

त्या हिशोबात एक शब्द मी मुद्दाम घातलाय, प्रत्यक्ष भरलेली. बिल आलं, भरलं नाही, तर वजावट नाही. आणि मालकाने भरलेली पाहिजे, भाडेकरूच्या खात्यातून गेली तर ती तुमची वजावट होत नाही, म्हणून करारात घरपट्टी मालक भरेल असं स्वच्छ लिहा. तुमची मागची थकलेली वर्षं आता एकदम भरलीत तर ज्या वर्षात भरली त्या वर्षात वजावट मिळते, पण आधीच्या मालकाचा भाग आणि शास्ती त्यात घुसडू नका, ते विकणाऱ्याकडून वसूल करायचं आहे. रंगकाम, प्लंबर, एजंटची दलाली, वकिलाची फी हे सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं असं समजून चाला, वेगळं मागायला गेलात की वाद. ३० टक्के मात्र एक रुपया खर्च न करताही मिळतात, हे लोकांना पटतच नाही, मला दर वर्षी कुणीतरी प्लंबरची बिलं पाठवतं.

थकलेले ५६ हजार पुढच्या वर्षाच्या हिशोबात येतील. न मिळालेलं भाडं उत्पन्नातून वगळता येतं पण त्याला अटी आहेत, भाडेकरू गेलेला असावा किंवा त्याला काढायची पावलं उचललेली असावीत, वसुलीसाठी कायदेशीर प्रयत्न केलेले असावेत. म्हणजे ती वकिलाची नोटीस तुमच्या टॅक्सच्या फाईललाही लागते, बघा कसं सगळं एकमेकांत अडकलंय. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, घरभाड्याचा हिशोब मात्र असाच चालतो. आत्ताचं रिटर्न जुन्या १९६१ च्या कायद्यानेच.

सोसायटीचं एका वाक्यात सांगते, भाडेकरू ठेवला म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेतात तो सर्व्हिस चार्जच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, शासनाचा २००१ चा आदेश आहे, दोन्ही सोसायट्यांची बिलं तपासा.

आता तुमचे वकील. वर्षाची रक्कम ठरवू नका. ते वाईट आहेत म्हणून नव्हे, तुमच्याकडे वर्षभर पुरेल एवढं वकिलाचं कामच नाहीये. घरपट्टीचा अर्ज तुम्ही स्वतः देऊ शकता. आयकराचं सीए बघतो. वकील तुम्हाला नेमका तीन ठिकाणी लागतो, विकणाऱ्याला नोटीस, वाकडच्या भाडेकरूशी होणारा कागद, आणि यापुढच्या करारांचा एक पक्का मसुदा जो तुम्ही वर्षानुवर्षं वापराल. तिन्हीची फी कामागणिक विचारा, नोटिशीचे किती, मसुद्याचे किती, पुढे दावा लागलाच तर टप्प्याटप्प्याने किती, आणि पावती. कुणी म्हणालं की आत्ता काही देऊ नका, वसूल होईल त्यातले अमुक टक्के द्या, तर लांब राहा, वकिलांच्या नियमात तशी फी बसतच नाही.

आणि कुठला वकील? ओळखीचा असणं चांगलं, पण त्याला सरळ विचारा की लिव्ह अँड लायसन्सची, सक्षम प्राधिकाऱ्यापुढची किती कामं केलीत. घटस्फोटाची कामं उत्तम करणारा माणूस भाडेकरूच्या कामात नवखा असू शकतो आणि शिकायची फी तुम्ही भरता. जाताना एका कागदावर तारखा लिहून न्या, करार कधी, संपला कधी, शेवटचं भाडं कधी, काय बोलणं झालं, एवढंच. तुमचं दुःख त्याला नंतर सांगा.

मूळ कागद देऊ नका. हे मी पोळल्यावर सांगतेय. माझ्या पहिल्या भाडेकरूच्या वेळी मी मूळ खरेदीखत आणि इंडेक्स टू एका वकिलांकडे ठेवून आले, विश्वासाने, पोहोच न घेता. त्यांनी ऑफिस बदललं, कारकून सोडून गेला, आणि माझी पिवळी फाईल दुसऱ्याच कुणाच्या गठ्ठ्यात बांधली गेली. आठ महिने. शेवटी मिळाली तेव्हा वर चहाच्या कपाचा गोल डाग होता, तो अजून आहे. कोर्टात मूळ कागद दाखवायची वेळ येते तेव्हा तुम्ही स्वतः घेऊन जा आणि परत घेऊन या.

जाता जाता वहिनींसाठी. बिबवेवाडीचा फ्लॅट त्यांच्या नावावर, म्हणजे विकणाऱ्याला जाणारी नोटीस त्यांच्या नावाने जाईल, वकीलपत्रावर सही त्यांची, तेव्हा वकिलाकडे त्यांना बरोबर घेऊन जा, घरी बसवून सहीला कागद आणू नका. कायद्याने बाईला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, १९८७ चा कायदा आहे. तुमच्या घरात दोन पगारांएवढं भाडं येतंय तेव्हा ती सोय तुम्ही वापरावी असं मला वाटत नाही, पण वहिनींना हे माहीत असू द्या, त्यांच्या मैत्रिणींत कुणाला तरी लागेल.

या आठवड्यात घरपट्टी भरा, रविवारी वाकडला जाऊन भाडेकरूशी बोला, एकटे जाऊ नका पण मेहुण्यांनाही नेऊ नका. तो सही करायला तयार झाला की नाही ते मला कळवा, पुढचं त्यावर ठरेल.

– तुमची ताई